वरच्या आणि खालच्या ओळी : तालुक्याच्या हायस्कूलच्या इतिहासाची प्रस्तावना

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या रजिस्टरात १९१४ या अनुक्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी हा मुलगा तिथे इंग्रजी पहिलीत दाखल झाला. शाळेने ते पान जपून ठेवले आणि आज महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका ओळीला एवढे मोल असेल, तर तिच्या वरच्या आणि खालच्या ओळींचे काय? ती मुले कोण, कोणत्या गावाहून आली, कितव्या इयत्तेपर्यंत टिकली आणि शाळा का सोडून गेली, हेही त्याच रजिस्टरात कुणा कारकुनाने ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलेले असते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या हायस्कूलच्या कचेरीत अशी जनरल रजिस्टरे आहेत. हा ग्रंथ त्या वरच्या आणि खालच्या ओळींसाठी आहे.

तालुक्याचे हायस्कूल म्हणजे नेमके काय, हे नव्या वाचकासाठी आधी सांगायला हवे. पुण्या-मुंबईच्या नामांकित शाळांचे इतिहास लिहिले गेले आहेत, प्राथमिक शाळांवरही बरेच संशोधन झाले आहे. या दोहोंच्या मधली शाळा मात्र दुर्लक्षित राहिली. बाजारपेठेच्या गावात, कचेरी आणि एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेली ही शाळा. आसपासच्या खेड्यांतली पोरे चौथी किंवा सातवी संपवून पायी, सायकलने, नाहीतर मुक्कामी एसटीने तिथे यायची. कागदोपत्री ती बहुधा खाजगी असते, कारण ती चालवणारी एक शिक्षणसंस्था असते. पगार सरकारी अनुदानातून होतो. जमीन कधी गायरानातली, कधी एखाद्या सावकाराने दिलेली. इमारत लोकवर्गणीतून उभी राहिलेली. गाव तिला आपली म्हणते, सरकारही आपली म्हणते आणि संस्थाचालक तर म्हणतातच. या तिघांच्या ओढाताणीतच तिचा सगळा इतिहास घडला आहे.

ही ओढाताण सुरू कशी झाली, ते पाहू. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारला दोन वाटा दाखवल्या होत्या : स्वतः शाळा काढणे आणि दुसऱ्यांनी काढलेल्या शाळांना अनुदान देणे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतून उत्तीर्ण झाले. त्या दिवसापासून पुढची नव्वद वर्षे हायस्कूलचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या दारावरच्या या परीक्षेने ठरवला. सरकारने मोठ्या ठिकाणी हायस्कूल काढले. तालुक्याला फार तर अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळा, म्हणजे इंग्रजीच्या पहिल्या दोन-तीन इयत्ता. बाकीच्यांसाठी मराठी सहावी-सातवी आणि त्यानंतर मास्तरकी किंवा तलाठ्याची नोकरी. धोंडो केशव कर्वे १८७५ साली कोकणातल्या मुरूडहून कुंभार्लीचा घाट चढून पायी साताऱ्याला गेले, ते सहावीच्या परीक्षेसाठी. वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ही हकीकत आपण जिद्दीची गोष्ट म्हणून मुलांना सांगतो. तिच्यात एक भूगोलही दडलेला आहे, तोही सांगायला हवा : त्या काळी शिक्षण डोंगरापलीकडे होते आणि ते तिथे असावे हे कुणीतरी ठरवले होते.

१८८२ च्या हंटर आयोगाने या भूगोलाला वेगळे वळण दिले. माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे, ते काम खाजगी प्रयत्नांवर सोपवावे आणि त्यांना अनुदान द्यावे, अशी शिफारस या आयोगाने केली. याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन ठेवले होते. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामातून भरते आणि ती वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर रिती होते, असा त्यांचा आरोप होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. फुल्यांचे म्हणणे आणि आयोगाची शिफारस शेजारी ठेवून वाचली, तर पुढच्या साठ वर्षांचा नकाशा समोर येतो. माध्यमिक शिक्षण खाजगी प्रयत्नांवर सोपवायचे, तर प्रयत्न करणार कोण? ज्यांच्याकडे आधीच अक्षर होते, तेच. आपल्या हायस्कूलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी विषमता कुणा एका हेडमास्तराच्या मनात जन्मली नाही. ती धोरणातच होती.

त्याआधी दोनच वर्षे, १८८० च्या जानेवारीत, पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. आगरकर लवकरच त्यांना मिळाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. शिकलेल्या तरुणांनी कमी वेतनावर आजीव सेवक म्हणून काम करायचे आणि संस्था त्यांनीच चालवायची, ही रीत तिथून महाराष्ट्रभर गेली. आजही सातारा, सांगली, नगर किंवा रायगड जिल्ह्यातल्या खेड्यात ‘न्यू इंग्लिश स्कूल’ अशी पाटी दिसते आणि आत सगळे विषय मराठीतून चालतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावात एखादा वकील, एखादा पेन्शनर मामलेदार आणि एखादा व्यापारी एकत्र यायचे, पुण्याहून पदवीधर शिक्षक आणायचे आणि कुणाच्या वाड्याच्या माडीवर इंग्रजी चौथीचा वर्ग भरवायचे. गोव्यातही असेच घडले : फोंड्याचे आल्मेदा हायस्कूल १९११ चे. पोर्तुगीज अमलात तिथल्या लोकांनी आपल्या मुलांसाठी ही वाट काढली. अनेक ठिकाणी मूठमूठ धान्य गोळा करून शाळा चालली.

खानदेशातल्या अमळनेरात गिरणीमालक प्रताप शेठ यांचे पाठबळ शाळेला मिळाले. तिथे १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहाचे कामही पाहत होते. त्यांनी ‘विद्यार्थी’ हे नियतकालिक काढले, मुलांची अंथरुणे घातली-काढली, आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी शाळा सोडली. गुरुजींबद्दल आपण इतके भक्तीने लिहितो की एक गोष्ट नजरेआड होते. ते स्वतः अशाच शाळांमधून धडपडत वर आले होते. दापोलीच्या मिशन हायस्कूलमध्ये ते शिकले. पांडुरंग वामन काणे हेही तिथलेच. घरची परिस्थिती खालावली तेव्हा कमी खर्चात शिकता येईल म्हणून गुरुजी औंध संस्थानात गेले आणि प्लेगमुळे तिथूनही त्यांना निघावे लागले. औंध हे तर एवढेसे संस्थान. पण तिथल्या शाळेत शंकरराव खरात शिकले, ग. दि. माडगूळकरही शिकले. मिशन आणि संस्थान या दोन वाटांनी किती मुले वर आली, याचा हिशेब आपल्या शिक्षणेतिहासात अजून नीट मांडलेला नाही. फलटण, भोर, सांगली, सावंतवाडी या संस्थानांचे दप्तर अभ्यासकांची वाट पाहते आहे.

मग बहुजन समाजाच्या शिक्षणाची लाट आली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहे काढायला सुरुवात केली होती. खेड्यातल्या मुलाला शाळेची फी जेवढी अडवत नाही, तेवढा राहण्या-जेवणाचा प्रश्न अडवतो, हे त्यांनी ओळखले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. पोरांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडले. तिथे फी नव्हती, मुले राबून शिकायची. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला, तोही सरकारने अनुदान थांबवले होते त्या काळात. रयतच्या माध्यमिक शाळा आज चारशेहून अधिक आहेत. विदर्भात पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था, नाशकात मराठा विद्या प्रसारक समाज, १९५४ पासून कोल्हापुरात बापूजी साळुंख्यांची स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था हे याच प्रवाहातले मोठे टप्पे. आधीच्या पिढीच्या संस्थांनी पुण्याकडून तालुक्याकडे शिक्षण नेले. या संस्थांनी ते तालुक्यापासून ओढ्याकाठच्या वाडीपर्यंत नेले. दिशा तीच, पण माणसे आणि पैसा दोन्ही वेगळ्या ठिकाणाहून आले. माझ्या मते आपल्या माध्यमिक शिक्षणातले सगळ्यात मोठे काम हेच आहे.

मराठवाड्याची कथा स्वतंत्रच आहे आणि मुंबई इलाख्याची मापे तिला लावू नयेत. निजामी अमलात सरकारी हायस्कूलचे माध्यम उर्दू होते, उस्मानिया विद्यापीठही १९१८ पासून उर्दूचेच. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि परीक्षेचे केंद्र लांब, अशा तिहेरी अडचणीतून मुले जात होती. खाजगी शाळा काढायची म्हणजे दरबारचा रोष पत्करायचा. तरीही १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली, औरंगाबादला सरस्वती भुवन, सेलू आणि अंबाजोगाईला नूतन विद्यालये उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याचे मुख्याध्यापक होते. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात आले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व शाळेच्या मुख्याध्यापकाकडे गेले, यात योगायोग नाही. जिथे सभा भरवायला परवानगी लागे, तिथे मराठीत चार माणसे एकत्र बसू शकत ती जागा म्हणजे शाळाच. हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर आणि पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर तिथली अनेक सरकारी हायस्कुले जिल्हा परिषदेकडे गेली. पश्चिम महाराष्ट्रात ‘संस्थेची शाळा’ म्हणतात तिथे मराठवाड्यात ‘झेडपीची शाळा’ म्हणतात, त्याचे मूळ इथे आहे.

शाळा आणि राजकारण यांचा उल्लेख आला की नंदुरबारचा शिरीषकुमार आठवतो. १९४२ च्या सप्टेंबरात तिरंगा हातात घेऊन गोळी झेलणारा हा मुलगा हायस्कूलच्या वयाचा होता. त्या वर्षीच्या हजेरीपटांत किती नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा आहेत, हे पाहायला हवे.

स्वातंत्र्यानंतर तीन निर्णयांनी हायस्कूलचे रूप बदलले. पहिला म्हणजे मॅट्रिकची जागा एसएससीने घेतली आणि परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे आली. दुसरा निर्णय मला अधिक मोलाचा वाटतो. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांची फी माफ केली. ईबीसी ही तीन अक्षरे खेड्यातल्या लोकांच्या तोंडी बसली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असल्याचा दाखला तलाठ्याकडून आणायचा, की मुलगा शिकायला मोकळा. याच सवलतीमुळे साठ आणि सत्तरच्या दशकांत संस्थांना गावोगावी शाखा काढता आल्या, कारण फी भरू न शकणाऱ्या गावातही आता पटसंख्या मिळू लागली. सहकारी साखर कारखाने त्याच काळात उभे राहत होते. कारखाना, बँक आणि शिक्षणसंस्था ही एकाच घराण्याच्या हातातली तीन दारे झाली. तिसरा निर्णय १०+२+३ च्या आकृतिबंधाचा. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, जुनी अकरावी गेली आणि हायस्कूलला वर कनिष्ठ महाविद्यालय जोडले जाऊ लागले. पुढे मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एसटीचा मोफत पास आला. तालुक्याच्या हायस्कूलमधली मुलींची रांग लांबली ती या पासमुळे, हे कुणीही जुनी शिक्षिका सांगेल. १९७७ च्या कायद्याने खाजगी शाळांतल्या शिक्षकांना नोकरीचे संरक्षण दिले. आणि मग २००१ च्या सुमारास ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण आले. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला, पण मधल्या वर्षांत एक अख्खी पिढी बिनपगारी शिकवत राहिली. त्यांची नावे मस्टरवर आहेत, पगारपत्रकात नाहीत.

आता या विषयावर आजवर काय लिहिले गेले ते पाहू. पहिला आणि सगळ्यात मोठा प्रवाह स्मरणिकांचा. रौप्य, सुवर्ण, अमृत महोत्सव आला की स्मरणिका निघते. संस्थापकांचे फोटो, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, गुणवंतांची यादी. या स्मरणिकांना कमी लेखणे अन्यायाचे होईल, कारण अनेक शाळांबद्दल तेवढाच छापील मजकूर आहे. पण शाळेत टिकलेल्यांनीच शाळेबद्दल लिहिलेले ते असते. दुसरा प्रवाह संस्थाचालकांच्या चरित्रांचा; त्यात शाळा म्हणजे एका माणसाच्या त्यागाची फलश्रुती. तिसरा प्रवाह धोरणाच्या इतिहासाचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले जे. पी. नाईक यांनी सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर भारतीय शिक्षणाचा जो मोठा इतिहास लिहिला, त्याशिवाय आम्हाला एक पाऊल टाकता आले नसते. मात्र त्या उंचीवरून एकेक गाव दिसत नाही.

चौथा प्रवाह आत्मकथनांचा, आणि खरा इतिहास मला तिथेच जास्त सापडला. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी संगमनेरचे बोर्डिंग दाखवले. आनंद यादवांच्या १९८७ च्या ‘झोंबी’त कागलचा मुलगा शाळेत जाण्यासाठी बापाशी झगडतो. लक्ष्मण माने, प्र. ई. सोनकांबळे, शंकरराव खरात यांनी शाळेच्या दारात काय होते ते लिहिले : कुठे बसायचे, पाणी कुणी वाढायचे, कोणत्या मास्तरांनी जवळ केले. स्मरणिकेत ज्याची नोंद नाही, ते इथे आहे. तरी हीसुद्धा पोहोचलेल्यांची लेखणी आहे. आठवीत शाळा सुटलेल्या मुलीने आत्मकथन क्वचितच लिहिले.

म्हणून रजिस्टर. जनरल रजिस्टरात अनुक्रमांक, नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल दिनांक, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि शाळा सोडण्याचे कारण असे रकाने असतात. कारणाच्या रकान्यात लिहिलेले दोन-तीन शब्द एका आयुष्याचे वळण सांगतात. १८९६ नंतरची प्लेगची वर्षे, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, १९७२ चा दुष्काळ आणि त्यातली खडी फोडण्याची कामे, प्रत्येकाचा माग या रकान्यात काढता येतो. कोणत्या जातीचा पहिला मुलगा कोणत्या वर्षी आठवीत आला, पहिली मुलगी कधी आली, ती दहावीपर्यंत पोहोचली का, हे भाषणांतून नव्हे तर मोजून सांगता येते. मोजणी कंटाळवाणी आहे. पण ती केल्याशिवाय ‘आमच्या शाळेने बहुजनांसाठी दारे उघडली’ हे वाक्य ना खरे ठरते ना खोटे.

हे काम आजच का, याची कारणे सरळ आहेत. रजिस्टरांना अचानक भाव आला आहे. जातपडताळणीसाठी १९६७ किंवा १९६१ पूर्वीच्या नोंदी लागतात, अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीच्या. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा शाळांची जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली. हजारो हातांनी ती पाने उलटली. ज्या कागदावर लोकांचे हक्क ठरतात, तो कागद वाळवीच्या कपाटात किंवा गळक्या खोलीत आहे, आणि एकेका नोंदीचा फोटो काढून पुस्तक पुन्हा तिथेच ठेवले जाते. दुसरे कारण शाळांच्याच अवस्थेचे. एसटी स्टँडजवळ इंग्रजी माध्यमाच्या बसगाड्या उभ्या राहतात, अकरावी-बारावीची मुले नाव इथे ठेवून क्लासला शहरात जातात, शिक्षकांच्या रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, पट घटला की तुकडी तुटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक टप्प्याची आखणीच बदलली आहे. ज्या शाळेने चार पिढ्यांना पहिल्यांदा गावाबाहेर नेले, ती नेमकी काय होती हे समजून न घेता तिच्या जागी दुसरे काही उभे करणे मला धोक्याचे वाटते. तिसरे कारण, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत निघालेल्या शाळांच्या शताब्द्या आता येत आहेत. स्मरणिका छापल्या जातीलच. त्यांच्याबरोबर रजिस्टरेही वाचली जावीत.

या ग्रंथातले लेखक बहुतेक त्या-त्या गावचेच आहेत : निवृत्त शिक्षक, कारकून, ग्रंथपाल, काही तरुण संशोधक. प्रत्येकाने एकाच शाळेवर लिहावे, पण एकच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवावा, असे आम्ही ठरवले : या शाळेत कोण आले, किती टिकले आणि कोण येऊ शकले नाही? म्हणून इथे संस्थापकांवर स्वतंत्र लेख नाहीत. त्यांचे काम लहान आहे असे नव्हे; त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. शिपाई, कारकून, वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाई, खडू-फळा पुरवणारा दुकानदार यांना मात्र मुद्दाम जागा दिली आहे, कारण शाळा रोज सकाळी उघडते ती त्यांच्यामुळे.

लेखांचा सूर एकसारखा नाही. काहींनी आकड्यांवर भर दिला, काहींनी जुन्या विद्यार्थ्यांशी बोलून लिहिले, एकाने फक्त शाळेच्या विहिरीवर आणि पाण्याच्या माठावर लिहिले. तो फरक संपादनात पुसून टाकला नाही. वादाच्या जागी दोन्ही बाजू छापल्या आहेत, विशेषतः संस्थांच्या निवडणुका आणि शिक्षकभरती यांबद्दल. विदर्भावरची सामग्री या खंडात थोडी आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या नगरपालिकांच्या आणि पुढे जनपद सभांच्या हायस्कूलची घडण इतकी निराळी आहे की तिला स्वतंत्र खंड लागेल.

रजिस्टरातल्या खाजगी माणसांची नावे आम्ही छापलेली नाहीत. गावाचे नाव, वर्ष, इयत्ता आणि कारण एवढेच दिले आहे. जातीचा रकाना गाळावा असे काही जणांनी सुचवले होते, ते मानले नाही. तो गाळला तर कुणाला दार बंद होते हे सांगताच येणार नाही. ज्या शाळांनी दप्तर पाहू दिले, त्यांना त्यांच्या रजिस्टरांच्या स्वच्छ छायाप्रती बांधून परत दिल्या आहेत. शेवटी रजिस्टराच्या नोंदी उतरवून घेण्याचा एक कोरा तक्ता जोडला आहे. आपल्या गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन कुणालाही तो वापरता येईल. सुरुवात सगळ्यात जुन्या रजिस्टरापासून करावी आणि भरताना शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना कधीही रिकामा सोडू नये.